रवानगीपूर्व गुणवत्ता तपासणी

रवानगीपूर्व गुणवत्ता तपासणी म्हणजे परदेशातील कारखान्यात तयार झालेला माल जहाजावर चढण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेने केलेली पाहणी, मोजणी व चाचणी होय. ही संस्था सहसा खरेदीदाराच्या खर्चाने काम करते, मात्र मालाच्या उत्पादनात किंवा विक्रीत तिचा हितसंबंध नसतो. मालाची संख्या, मापे, कारागिरी, कार्य, वेष्टन आणि खुणा या गोष्टी कराराप्रमाणे आहेत की नाहीत, हे तपासून ती लेखी अहवाल देते. माल स्वीकारायचा, दुरुस्त करून घ्यायचा की नाकारायचा, हा निर्णय खरेदीदाराचा असतो.

मोठ्या आयातदार कंपन्यांची उत्पादक देशांत स्वतःची कार्यालये असतात. प्रथमच आयात करणाऱ्या लहान व्यापाऱ्याला ही सोय नसते. त्याने कारखाना बहुधा पाहिलेला नसतो, तेथील भाषा त्याला येत नाही आणि वाद उद्भवल्यास परदेशी न्यायालयात दाद मागण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो. त्यामुळे त्याच्यासाठी त्रयस्थ तपासणी हे संरक्षणाच्या मोजक्या साधनांपैकी एक ठरते.

पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय व्यापारात विक्रेता व खरेदीदार यांच्यात माहितीची विषमता असते. मालात काय आहे हे विक्रेत्याला ठाऊक असते. खरेदीदाराला ते कंटेनर उघडल्यावरच कळते. चीनमधील कारखान्यांशी होणाऱ्या व्यवहारांत किमतीच्या सुमारे ३० टक्के रक्कम मागणी नोंदवताना आणि उरलेली ७० टक्के माल रवाना होण्यापूर्वी किंवा जहाजाची कागदपत्रे मिळताना द्यावयाची, अशी पद्धत रूढ आहे. उरलेली रक्कम चुकती झाली की खरेदीदाराच्या हातातील दबावाचे साधन संपते. सदोष माल परत पाठवायचा झाल्यास वाहतूक, सीमाशुल्क आणि निर्यातीची कागदपत्रे यांचा भार पडतो. म्हणून तो व्यवहारात क्वचितच परत जातो. या कारणाने माल पूर्ण होणे आणि अंतिम रक्कम देणे यांमधील अल्प कालावधीत तपासणी करून घेणे महत्त्वाचे मानले जाते.

पतपत्राद्वारे व्यवहार केल्यानेही गुणवत्तेची हमी मिळत नाही. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या 'यूसीपी ६००' या नियमावलीनुसार (अंमल १ जुलै २००७ पासून) बँका कागदपत्रे पाहून व्यवहार करतात, माल पाहून नव्हे. कागदपत्रे अटींशी जुळली की बँकेने पैसे देणे अपेक्षित असते. या तत्त्वाचा अपवाद ठरवणारा गाजलेला निकाल न्यू यॉर्कमधील न्यायालयाने १९४१ मध्ये 'श्टेन विरुद्ध जे. हेन्री श्रोडर बँकिंग कॉर्पोरेशन' या खटल्यात दिला. भारतातील विक्रेत्याने डुकराच्या राठ केसांऐवजी गाईचे केस व केरकचरा भरलेली ५० खोकी जहाजावर चढवली, अशी खरेदीदाराची तक्रार होती. ही तक्रार खरी धरल्यास तो करारभंगापुरता प्रश्न राहत नाही, तर उघड लबाडी ठरते आणि अशा वेळी रक्कम देण्यास मनाई करता येते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र हा अपवाद लबाडीपुरता आहे. निकृष्ट किंवा नमुन्याबरहुकूम नसलेल्या मालाला तो लागू होत नाही. म्हणून पतपत्राच्या अटींतच त्रयस्थ संस्थेचे तपासणी प्रमाणपत्र आवश्यक कागद म्हणून नमूद करण्याची प्रथा आहे.

इतिहास

त्रयस्थ तपासणीचा उगम सागरी विमा आणि धान्यव्यापार यांत आढळतो. लंडनमध्ये १७६० मध्ये लॉइड्स रजिस्टर ही संस्था जहाजांची स्थिती नोंदवण्यासाठी निघाली. ब्यूरो व्हेरिटास ही संस्था १८२८ मध्ये अँटवर्प येथे स्थापन झाली. फ्रान्समधील रुआँ येथे १८७८ मध्ये सुरू झालेली धान्य तपासणीची पेढी पुढे जिनिव्हा येथे स्थलांतरित होऊन एसजीएस या नावाने ओळखली जाऊ लागली. बंदरात उतरणाऱ्या धान्याचे वजन व प्रत यांवरून होणारे वाद मिटवणे हे तिचे आरंभीचे काम होते. जर्मनीत बाष्पपात्रांच्या स्फोटांनंतर १८६६ पासून स्थापन झालेल्या तपासणी संघांतून आजच्या ट्यूफ संस्था उदयास आल्या.

नमुन्यावरून संपूर्ण खेपेचा निर्णय घेण्याचे शास्त्र विसाव्या शतकात विकसित झाले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हॅरॉल्ड डॉज व हॅरी रोमिग यांनी नमुना तपासणीची सांख्यिकीय कोष्टके तयार केली. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रसामग्रीची खरेदी प्रचंड वाढल्याने अमेरिकी सैन्याने ही पद्धत स्वीकारली. १९५० मध्ये 'मिल-एसटीडी-१०५' हे सैनिकी मानक प्रसिद्ध झाले. अनेक सुधारणांनंतर १९९५ मध्ये ते रद्द करण्यात आले, तरी त्यातील कोष्टके 'आयएसओ २८५९-१' या आंतरराष्ट्रीय मानकात टिकून आहेत. भारतात 'आयएस २५००' या मानकाचा पहिला भाग त्याला समांतर आहे.

चीनमध्ये १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांमुळे ग्राहकोपयोगी वस्तूंची निर्यात वाढली. ग्वांगदोंग, झेजियांग, जिआंगसू या प्रांतांतील कारखान्यांत एका दिवसासाठी तपासनीस पाठवण्याची सेवा त्यातूनच व्यवसाय म्हणून उभी राहिली. पुढे व्हिएतनाम, बांगलादेश, तुर्कस्तान आणि भारत येथेही ती पसरली.

सरकारी व खासगी तपासणी

'रवानगीपूर्व तपासणी' ही संज्ञा दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते. पहिल्या अर्थी, आयात करणाऱ्या देशाचे सरकार खासगी संस्थेला परदेशात मालाची किंमत, प्रमाण व वर्गीकरण तपासण्याचे काम देते. भांडवलाचे पलायन आणि सीमाशुल्काची चोरी रोखणे हा त्यामागील हेतू असतो. इंडोनेशियाने १९८५ मध्ये हे काम एसजीएसकडे सोपवले होते. अशा तपासणीचे नियमन जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या करारान्वये होते. व्यापार सुलभीकरण करारान्वये (अंमल २०१७ पासून) शुल्कवर्गीकरण व सीमाशुल्क मूल्यांकन यांसाठी अशी तपासणी सक्तीची करण्यास मनाई आहे.

दुसऱ्या अर्थी, ही खरेदीदाराने स्वतःच्या हितासाठी करून घेतलेली खासगी तपासणी असते. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय हीच तपासणी आहे.

प्रकार

उत्पादनाच्या टप्प्यानुसार तपासणीचे पुढील प्रकार पडतात.

- उत्पादनपूर्व तपासणी: कच्चा माल, सुटे भाग आणि साचे पाहिले जातात. स्वस्त कापड किंवा हलका मिश्रधातू वापरला जात असल्यास तो याच वेळी पकडता येतो.
- उत्पादनकालीन तपासणी: मालाचा काही भाग तयार झाल्यावर केली जाते. दोष आढळल्यास उरलेल्या मालात सुधारणा करता येते.
- अंतिम तपासणी: सर्व माल तयार आणि किमान ८० टक्के माल खोक्यांत भरलेला असताना केली जाते. व्यवहारात 'तपासणी' म्हटल्यावर बहुधा हीच अभिप्रेत असते.
- कंटेनर भरणीची देखरेख: तपासलेलाच माल कंटेनरमध्ये चढतो काय, खोक्यांची संख्या बरोबर आहे काय, कंटेनर कोरडा व छिद्ररहित आहे काय, हे पाहून मोहोर क्रमांकाची नोंद केली जाते.

कारखाना परीक्षण हा याहून वेगळा प्रकार आहे. त्यात मालाऐवजी कारखान्याची क्षमता, यंत्रे, गुणवत्ता व्यवस्था किंवा कामगारांची स्थिती पाहिली जाते. नवख्या आयातदाराच्या दृष्टीने त्याचा प्राथमिक उपयोग म्हणजे समोरचा विक्रेता खरोखर कारखानदार आहे की मध्यस्थ, याची खातरजमा.

तपासणीची कार्यपद्धती

निकष निश्चित करणे

तपासनीस मालाची तुलना लेखी निकषांशी करतो. निकष नसतील तर कारखान्याचे म्हणणे हाच निकष ठरतो. म्हणून खरेदी आदेशासोबत मापे व त्यांतील अनुज्ञेय फरक, साहित्य, रंगक्रमांक, वजन, लेबलांचा मजकूर आणि वेष्टनाचे तपशील देणे आवश्यक असते. 'उत्तम प्रत' किंवा 'निर्यातयोग्य दर्जा' यांसारखे शब्द तपासणीसाठी निरुपयोगी असतात. कारण त्यांचे मोजमाप होऊ शकत नाही.

यासोबत मान्य नमुना ठेवला जातो. खरेदीदाराने पसंत केलेल्या वस्तूवर दोन्ही पक्ष सही करतात. त्याच्या किमान दोन प्रती केल्या जातात. एक कारखान्यात आणि एक खरेदीदाराकडे किंवा तपासणी संस्थेकडे असते. केवळ कारखान्यातील प्रतीवर विसंबल्यास ती बदलली जाण्याचा धोका राहतो.

दोषांचे वर्गीकरण

दोषांचे तीन वर्ग केले जातात. वापरणाऱ्याला इजा करू शकणारा किंवा कायद्याचा भंग करणारा दोष अतिगंभीर मानला जातो, उदा. विद्युत उपकरणातील उघडी तार किंवा कपड्यात राहिलेली सुई. वस्तू विकली जाणार नाही किंवा ग्राहक ती परत करील, असा दोष मोठा होय. किंचित ओरखडा किंवा सुटलेला धागा यांसारखा, वापरास बाधा न आणणारा दोष गौण गणला जातो. कोणता दोष कोणत्या वर्गात मोडतो, याची यादी आधीच ठरलेली नसल्यास तपासणीच्या दिवशी कारखान्याचा प्रतिनिधी व तपासनीस यांच्यात वाद होतात.

नमुना निवड

तपासनीस सर्व वस्तू सहसा तपासत नाही. एकूण संख्येनुसार मानकातील कोष्टकातून नमुन्याचा आकार काढला जातो. 'आयएसओ २८५९-१' मधील सर्वसाधारण पातळी २ आणि साध्या एकेरी तपासणीसाठीचे काही आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

| खेपेतील वस्तू | नमुन्यातील वस्तू | मोठे दोष (मर्यादा २.५): स्वीकार / नकार | गौण दोष (मर्यादा ४.०): स्वीकार / नकार |
|---|---|---|---|
| २८१ ते ५०० | ५० | ३ / ४ | ५ / ६ |
| ५०१ ते १,२०० | ८० | ५ / ६ | ७ / ८ |
| १,२०१ ते ३,२०० | १२५ | ७ / ८ | १० / ११ |
| ३,२०१ ते १०,००० | २०० | १० / ११ | १४ / १५ |

उदाहरणार्थ, ३,००० पाणीबाटल्यांच्या खेपेतून १२५ बाटल्या काढल्या जातात. त्यांत मोठे दोष ७ पर्यंत असतील तर खेप त्या निकषावर उत्तीर्ण होते. ८ आढळले तर अनुत्तीर्ण होते. अतिगंभीर दोष एकही चालत नाही. फोडून किंवा जाळून पाहाव्या लागणाऱ्या चाचण्यांसाठी याहून लहान नमुन्यांच्या विशेष पातळ्या आहेत.

'दर शंभरात दहा' तपासण्याची पारंपरिक पद्धत सांख्यिकीय दृष्ट्या सदोष आहे. ५० वस्तूंच्या खेपेत ५ सदोष असतील आणि त्यांतून ५ वस्तू काढल्या, तर एकही सदोष वस्तू हाती न लागण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के असते. उलट १०,००० वस्तूंतून १,००० तपासणे हा बहुधा अनावश्यक खर्च असतो. निर्णयाची विश्वासार्हता प्रामुख्याने नमुन्याच्या प्रत्यक्ष आकारावर अवलंबून असते, खेपेशी असलेल्या त्याच्या टक्केवारीवर नव्हे.

नमुने कोणी निवडावेत यालाही तितकेच महत्त्व आहे. कारखान्याने पुढे केलेली खोकी न घेता तपासनीसाने रचलेल्या थप्पीच्या तळातून, मधून व मागून खोकी स्वतः निवडणे अपेक्षित असते. किती खोकी उघडावीत यासाठी एकूण खोक्यांच्या वर्गमुळाचा ठोकताळा वापरतात. २०० खोकी असल्यास सुमारे १५ उघडली जातात.

प्रत्यक्ष चाचण्या

प्रथम तयार मालाची मोजणी होते. त्यानंतर कारागिरी, मापे, वजन व कार्य तपासले जाते. शिलाईची ताणचाचणी, छपाईवर चिकटपट्टी लावून ओढणे, विद्युत उपकरणांची उच्च दाब चाचणी, पट्टीसंकेत वाचकाने वाचून पाहणे इत्यादी चाचण्या वस्तूनुसार ठरतात. वेष्टनासाठी खोके पाडून पाहण्याची चाचणी प्रचलित आहे. 'इस्टा १ए' या पद्धतीत खोके एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहा पृष्ठांवर असे दहा वेळा पाडतात. १० किलोपेक्षा कमी वजनाच्या खोक्यासाठी ही उंची सुमारे ७६ सेंटीमीटर असते.

अहवाल

अहवाल बहुधा एक-दोन दिवसांत छायाचित्रांसह दिला जातो. त्यात निष्कर्ष उत्तीर्ण, अनुत्तीर्ण किंवा निर्णय प्रलंबित अशा स्वरूपात असतो. अनुत्तीर्ण अहवाल आल्यावर खरेदीदार कारखान्याला माल निवडून दुरुस्त करण्यास सांगून फेरतपासणी करवू शकतो, किंमत कमी करून घेऊ शकतो किंवा दोष किरकोळ असल्यास माल तसाच स्वीकारू शकतो. फेरतपासणीचा खर्च कारखान्याने सोसावा, ही अट मागणी नोंदवतानाच करारात घातली जाते. नंतर ती मान्य करवून घेणे कठीण जाते. तपासणीचे शुल्क सामान्यतः एका तपासनीसाच्या एका दिवसाच्या हिशेबाने आकारले जाते. त्यामुळे अगदी लहान मागणीत हे शुल्क मालाच्या किमतीच्या तुलनेत जड वाटू शकते.

मर्यादा

स्वीकारार्ह गुणवत्ता मर्यादा या संकल्पनेविषयी बराच गैरसमज आढळतो. २.५ ही मर्यादा म्हणजे २.५ टक्के सदोष माल देण्याचा परवाना नव्हे, तसेच उत्तीर्ण खेपेत त्याहून अधिक दोष नसतील अशी हमीही नव्हे. १२५ वस्तूंच्या नमुन्यात ७ दोषांपर्यंत स्वीकार या नियमानुसार, प्रत्यक्षात २.५ टक्के सदोष असलेली खेप सुमारे ९८ टक्के वेळा उत्तीर्ण होते. ५ टक्के सदोष असलेली खेपही सुमारे ७० टक्के वेळा उत्तीर्ण होते. १० टक्के सदोष खेप मात्र १०० पैकी ६-७ वेळाच निसटते. अतिगंभीर दोषांबाबतही तसेच आहे. खेपेत १ टक्का वस्तू धोकादायक असतील, तर १२५ च्या नमुन्यात त्यांतील एकही न सापडण्याची शक्यता सुमारे २८ टक्के उरते.

शिवाय ही योजना एकाच पुरवठादाराकडून सलग येणाऱ्या खेपांसाठी आखलेली आहे. सलग पाच किंवा त्याहून कमी खेपांपैकी दोन नाकारल्या गेल्यास कडक तपासणीकडे वळावे, असा तिचा नियम आहे. प्रथमच आयात करणाऱ्याची खेप एकटीच असल्याने या नियमाचे संरक्षण त्याला मिळत नाही. एकाकी खेपांसाठी 'आयएसओ २८५९-२' हे स्वतंत्र मानक असले, तरी व्यवहारात पहिल्याच मानकाची कोष्टके सर्रास वापरली जातात.

डोळ्यांना न दिसणारे दोष कारखान्यातील पाहणीत सापडत नाहीत. रंगातील शिसे, प्लास्टिकमधील थॅलेट, कापडाचे खरे घटक यांसाठी प्रयोगशाळेतील चाचणी लागते. २००७ मध्ये मॅटेल या अमेरिकी कंपनीला चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी रंगातील शिशामुळे परत बोलवावी लागली. त्यानंतर २००८ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने रंगातील शिशाची मर्यादा दर दशलक्ष भागांत ६०० वरून ९० वर आणली आणि मुलांच्या वस्तूंची त्रयस्थ प्रयोगशाळेत चाचणी सक्तीची केली.

पहिल्या खेपा चांगल्या पाठवून नंतर कच्च्या मालात थोडीथोडी काटकसर करण्याच्या प्रवृत्तीचे वर्णन पॉल मिडलर यांनी 'पुअरली मेड इन चायना' (२००९) या पुस्तकात केले आहे. पहिली तपासणी समाधानकारक झाल्यावर पुढील खेपांची तपासणी बंद करणे म्हणूनच जोखमीचे समजले जाते.

परीक्षणांच्या मर्यादेचे सर्वांत दुःखद उदाहरण पाकिस्तानात घडले. कराचीतील अली एंटरप्रायझेस या कापड कारखान्याला सामाजिक उत्तरदायित्वाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच लोटले असताना ११ सप्टेंबर २०१२ रोजी तेथे आग लागली व अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या यादीनुसार होणारी पाहणी जागेची खरी स्थिती दाखवीलच असे नाही, हे या घटनेने अधोरेखित केले.

स्वातंत्र्य व उत्तरदायित्व

तपासणी संस्थांच्या सक्षमतेसाठी 'आयएसओ/आयईसी १७०२०' हे मानक आहे. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत संस्थांचे अ, ब व क असे प्रकार केले असून अ प्रकारच्या संस्थेला तपासल्या जाणाऱ्या वस्तूंच्या निर्मितीत, विक्रीत वा खरेदीत भाग घेता येत नाही. प्रयोगशाळांसाठी 'आयएसओ/आयईसी १७०२५' हे वेगळे मानक आहे. भारतात तपासणी संस्थांना अधिस्वीकृती देण्याचे काम भारतीय गुणवत्ता परिषदेचे प्रमाणन संस्थांसाठीचे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ करते.

तपासनीसाला कारखान्याकडून लाच दिली जाणे हा या व्यवसायातील जुना धोका आहे. त्यावर उपाय म्हणून एकाच कारखान्यात आलटून पालटून वेगवेगळे तपासनीस पाठवणे, स्थळ व वेळ नोंदवणारी छायाचित्रे मागणे आणि कारखान्याकडून सचोटीच्या निवेदनावर सही घेणे या पद्धती वापरल्या जातात. विक्रेत्यानेच सुचवलेली व त्यानेच शुल्क दिलेली संस्था स्वतंत्र मानली जात नाही.

अहवाल केवळ तपासणीच्या वेळची व जागेची स्थिती सांगतो आणि त्यामुळे विक्रेता आपल्या करारातील जबाबदारीतून मुक्त होत नाही, असा मजकूर बहुतेक अहवालांत असतो. संस्थेची स्वतःची जबाबदारी मात्र सामान्यतः शुल्काच्या ठरावीक पटीपुरती मर्यादित ठेवलेली असते. तपासणी हा विमा नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

भारतातील स्थिती

भारतातून होणाऱ्या निर्यातीच्या गुणवत्तेसाठी निर्यात (गुणवत्ता नियंत्रण व तपासणी) अधिनियम, १९६३ संमत झाला आणि त्यानुसार निर्यात तपासणी परिषद स्थापन झाली. मुंबईतील निर्यात तपासणी अभिकरण तिच्या पाच अभिकरणांपैकी एक आहे.

आयातीच्या बाबतीत काही वस्तूंसाठी रवानगीपूर्व तपासणी कायद्याने आवश्यक आहे. २००४ मध्ये गाझियाबाद येथील कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील दारूगोळ्याचा स्फोट होऊन कामगारांचा मृत्यू झाला. त्यानंतर धातूच्या भंगाराच्या आयातीचे नियम कडक करण्यात आले. विदेश व्यापार महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थांनी भंगारात स्फोटके व किरणोत्सारी पदार्थ नसल्याचे प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था त्यासाठी आहे.

खासगी तपासणीचा उत्तीर्ण अहवाल भारतातील कायदेशीर अटींची जागा घेऊ शकत नाही. उदाहरणार्थ, खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाल्याने आयात खेळण्यांनाही भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक ठरले. हे चिन्ह वापरण्याचा परवाना परदेशी उत्पादकाला स्वतः घ्यावा लागतो. परवाना नसलेल्या कारखान्याचा माल निर्दोष असला तरी तो न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात अडकून पडू शकतो. तसेच वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, निव्वळ प्रमाण आणि कमाल किरकोळ किंमत असावी लागते. हे मुद्दे तपासनीसाच्या यादीत समाविष्ट केल्यास चुका कारखान्यातच दुरुस्त करता येतात.

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ नुसार, आधी न पाहिलेला माल कराराप्रमाणे आहे की नाही हे पाहण्याची वाजवी संधी मिळाल्याशिवाय खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानले जात नाही. आंतरराष्ट्रीय मालविक्रीविषयक संयुक्त राष्ट्रांच्या करारातही खरेदीदाराने शक्य तितक्या लवकर माल तपासून उणीव वाजवी मुदतीत कळवावी, असे बंधन आहे. चीन या कराराचा सदस्य आहे, भारत नाही. त्यामुळे कोणत्या देशाचा कायदा लागू होईल, हे खरेदी करारात स्पष्ट लिहिणे आवश्यक ठरते. रवानगीपूर्व अहवालाचा उपयोग अशा वादात पुरावा म्हणून होतो. तथापि माल पोहोचल्यावर करावयाच्या तपासणीला तो पर्याय ठरत नाही.